डाव्या कानातला उन्हाळा

एप्रिलच्या वीस तारखेला इयरफोनचा उजवा कान गेला.
म्हटलं, राहू दे.
एका कानानं शिरोलीच्या बसचा हॉर्न ऐकायचा,
दुसऱ्यात कुणी शिलाँगचं, कुणी पुण्याचं,
कुणी स्वतःचं नावही धड न लिहिणारं पोरगं
गिटारवर आपलं दुखणं सांगत बसलेलं.

दर उन्हाळ्यात मी गाणी जमवते,
आई सांडगे घालायची तशी,
थोडी रोज, ऊन चढायच्या आत.
फाउंड्रीच्या ऑफिसात चलनं लिहिताना
ओतकामाचा धूर खिडकीतून आत येतो
आणि कानात एक बाई, आवाज जरा चिरका,
म्हणते की तिला समुद्र आवडत नाही.
मला पटतं.
मी तो एकदाच पाहिलाय, गुहागरला.
चारचौघांसारखा होता.

बरीच गाणी वाईट असतात, हेही सांगते.
आधी दोन मिनिटं नुसता वारा,
मग कुणीतरी पुटपुटतो, मग परत वारा.
असली मी अक्रम शिकलगारला पाठवते.
त्याचं उत्तर : "ताई, आपली भट्टी ह्याच्यापेक्षा सुरात हाय."
त्याच्याच एका निरोपातून आली 'तिसरी पाळी'.

उद्यमनगरातली चार पोरं.
एक लेथवर, एक पंपाच्या दुकानात, एक अजून शिकतोय म्हणे.
ड्रमवरचा सम्राट कुंभोजकर गुऱ्हाळाच्या कायली दुरुस्त करतो,
म्हणून असेल, त्याची झांज पडली
की मला काकवीचा वास येतो.
सोमवारी कारखाने बंद असतात तेव्हा
शटर अर्धं ओढून रेकॉर्ड करतात.
नीट ऐकलं तर मागं
एक चहावाला पैसे मागताना ऐकू येतो.

त्यांनी एक जुनं गाणं घेतलंय.
नाव नाही सांगत, तुम्हाला माहीत आहे,
वरात दाराशी आली की वाजायचंच ते.
ह्यांनी त्याला घोड्यावरून उतरवलंय,
मे महिन्याच्या डांबरावरून
चालत नेलंय, सावकाश,
चपला हातात घेऊन.

बापू ते सत्तावीस वर्षं क्लॅरिनेटवर वाजवायचे.
लाल कोट, खांद्याला झालर, दुसऱ्या रांगेत,
शेजारी ढोल. डावा कान त्या ढोलानं खाल्ला.
त्यांना ऐकवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.
गाण्याचा चोथा केला म्हणतील,
मग जेवण होईपर्यंत बोलणार नाहीत.

दहा तारखेला पगार झाला.
भाऊसिंगजी रोडवर दीडशेचा इयरफोन एकशेवीसला घेतला,
रंकाळ्याच्या कठड्यावर बसले, तेच गाणं लावलं
आणि दुसऱ्या कडव्याला
उजव्या कानात
क्लॅरिनेट.

होतीच की ती. तीन आठवडे.
शेजारच्या घरात कुणी राहत असावं
आणि आपण ते घर रिकामं धरून चालावं, तशी.
भेळवाल्यानं विचारलं, "तिखट करू?"
मी नुसती मान हलवली.
काय करून दिलं त्यानं, आठवत नाही.

रात्री बापूंच्या उजव्या कानात उजवा बोंडा दिला,
डावा माझ्याकडं.
म्हणजे गिटार सगळी मला,
त्यांना निव्वळ ती फुंक.
खासबागेत कुस्ती बघतात तसे बसले,
गुडघ्यावर हात, डोळे बारीक.
गाणं संपलं.

"रीड कोरडी हाय," म्हणाले.
"पोरगं घाईचं दिसतंय.
वाजवायच्या आधी पाच मिनिटं तोंडात धर म्हणावं."

आणि?

"आणि काय? परत लाव."

परत लावलं.
ह्या खेपेला त्यांची बोटं लुंगीवर चालू लागली,
जुन्याच चालीनं, वरातीच्या,
गाण्याच्या बरीच पुढं निघून गेली
आणि अंतऱ्याच्या वळणावर
थांबून राहिली
ते येईपर्यंत.